हिंगण्याहून ताडीवाला रस्त्यापर्यंत

कर्वेनगरात माझी निम्मी हयात गेली. पण या वस्तीचे जुने नाव, हिंगणे बुद्रुक, हेच माझ्या तोंडी अजून सहज येते, कारण माझ्या आईची आत्या, जी अकराव्या वर्षी कपाळ पुसून माहेरी परतली होती, ती याच हिंगण्याच्या आश्रमात मुळाक्षरे गिरवून पुढे शाळेत शिक्षिका झाली आणि अखेरपर्यंत ‘मी हिंगण्याची’ असेच सांगत राहिली. म्हणूनच परवा पुणे स्टेशनाजवळच्या ताडीवाला रस्त्यावर, ख्रिस्ती सेवाभावातून उभ्या राहिलेल्या ‘दीपगृह’ या संस्थेचे काम पाहण्यास निघाले, तेव्हा पावले आधी महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या आवारातील अण्णांच्या, म्हणजे महर्षी कर्व्यांच्या, झोपडीकडे वळली.

रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेली सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये, एवढ्या भांडवलावर १९०० साली प्लेगच्या दिवसांत अनाथ बालिकाश्रम शहराबाहेर या माळावर आला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. परंतु या झोपडीच्या पायाखाली आणखी एक पाया आहे, आणि त्याचा उच्चार आपण पुणेकर पुरेशा मोकळेपणाने करीत नाही, असे मला पुष्कळ वर्षे वाटत आले आहे. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले, तेव्हा तेथे आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई. पुढे चार वर्षांनी, त्याच तारखेस, अण्णांशी पुनर्विवाह करून त्या आनंदीबाई झाल्या, अण्णांच्या मुरुड गावाने त्या विवाहापायी घातलेला बहिष्कार त्यांनी पतीबरोबर सोसला, आणि हिंगण्याच्या बाया कर्वे म्हणून त्या महाराष्ट्राला ज्ञात झाल्या. अण्णा आणि रमाबाई दोघेही १८५८ च्या एप्रिलातले, अवघ्या पाच दिवसांच्या अंतराने जन्मलेले. शारदा सदन पुण्यास आल्यावर तेथील काही मुलींचा ओढा ख्रिस्ती प्रार्थनेकडे दिसू लागला, तेव्हा १८९३ साली रानडे-भांडारकरांसारख्यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांचे भय निराधार होते असे मी म्हणणार नाही. पण ज्या मुलींना स्वकीयांच्या घरात माजघराचा काळोखा कोपरा तेवढा मिळत होता, त्यांच्या हाती एका ख्रिस्ती स्त्रीने पाटी दिली, ही गोष्ट मला त्या भयाहून फार मोठी वाटते. आत्येच्या पाटीचे मूळ शोधीत गेले तर ते मला तिथेच सापडते.

झोपडीपासून डेक्कनपर्यंत मी पायीच गेले. दिवसभर फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून, आश्रमाला लागणारे जिन्नस बरोबर घेऊन, पावसाळ्यात चिखल तुडवीत अण्णा संध्याकाळी याच वाटेने उलट येत असत. आज त्या वाटेवर वाहनांची रांग हलत नाही आणि शेताचा बांध कोठे होता हे सांगणारेही कोणी उरले नाही.

डेक्कनला रिक्षा केली ती थेट स्टेशनाची नव्हे, वाट वाकडी करून गुरुवार पेठेची. पंचहौद मिशनचे पवित्र नाम देवालय, त्याचा उंच मनोरा आणि भोवतालची शाळा मला पुन्हा एकदा पाहायची होती. १८९० च्या ऑक्टोबरात येथेच गोपाळराव जोशांनी पुण्यातील प्रतिष्ठितांना जमविले, मिशनऱ्यांनी पुढे केलेला चहा काहींनी घेतला, आणि त्या पेल्यातून उठलेल्या ग्रामण्याच्या वादळात टिळक आणि रानडे यांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. चहाची ही कथा पुण्यात प्रत्येकाला पाठ आहे. परंतु त्याच आवारात इंग्लंडातील वाँटेजच्या मठाच्या भगिनी पुण्याच्या मुलींना शिकवीत होत्या आणि रमाबाई १८८३ साली विलायतेस गेल्या त्या याच भगिनींच्या मूळ मठात, हे किती जणांना ठाऊक असेल? शाळा सुटण्याची वेळ झाली होती. दप्तरे पाठीला लावलेल्या मुलींचा लोंढा माझ्या दोन्ही अंगांनी वाहत गेला, आणि त्यांच्यात कोणाची जात कोणती आणि धर्म कोणता हे ओळखण्याचा मार्ग नव्हता.

ताडीवाला रस्ता एका बाजूस लोहमार्ग आणि दुसऱ्या बाजूस मुळा-मुठेचे पात्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत वसला आहे. नदी फुगली की पाणी घरात शिरते आणि गाडी गेली की पत्रे थरथरतात. येथेच १९७५ साली डॉ. नीला ओनावळे आणि त्यांचे पती रेव्हरंड भास्कर ओनावळे यांनी एका लहानशा खोलीत दवाखाना सुरू केला; तोच ‘दीपगृहा’चा आरंभ. औषध देता देता ध्यानात आले की आजाराचे मूळ उपासमारीत, अज्ञानात आणि आईबाप कामावर गेल्यावर एकट्या पडणाऱ्या पोरांत आहे; म्हणून दवाखान्यामागून पाळणाघर आले, बालवाडी आली, आणि शाळेतल्या मुलामुलींना फी, गणवेश व वह्यांसाठी कोणा दूरच्या दात्याचा हात मिळवून देण्याची तजवीज झाली. उपदेशाने आरंभ न करता तापाने फणफणलेल्या पोराच्या नाडीने आरंभ करणे, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

आत बालवाडीची पोरे जमिनीवर बसून बाराखडी म्हणत होती. त्यांच्या ताईंचा आवाज गाडीच्या धडधडाटात मधूनच बुडे आणि गाडी गेली की ज्या अक्षरावर बुडाला होता त्याच अक्षरावर पुन्हा वर येई. पलीकडच्या दारात, आठवी-नववीतली असावी अशी एक मुलगी अपूर्णांकांचे गणित सोडवीत बसली होती. मी शेजारी टेकले, तशी ती जरा सरकून म्हणाली,

“आजी, तुम्ही लांबून आलात?”

“कर्वेनगरहून, बाळ.”

तिने पेन्सिल खाली ठेवली. “तिथं मुलींचं इंजिनिअरिंगचं कॉलेज आहे ना? आमच्या ताई सांगत होत्या.”

आहे, म्हटले, कमिन्स कॉलेज, १९९१ साली कर्व्यांच्याच संस्थेने काढलेले. आणि तिथल्याच आवारात एक झोपडी आहे, तीही बघायला ये.

“यायचं कसं पण?”

तिची वही मी मांडीवर ओढून घेतली आणि शेवटच्या कोऱ्या पानावर, तिला नीट वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत लिहू लागले: पुणे स्टेशनावरून मेट्रो, उतरायचे नळस्टॉपला, तेथून कर्वेनगरची बस.