मी गोरेगावहून बोलतेय!

मीटिंगमध्ये ‘हाय, गोरेगावहून जॉइन झालेय’ असं म्हटलं की समोरून हमखास प्रश्न येतो, ‘ईस्ट की वेस्ट?’ आता यांना कसं सांगायचं, की मी बसलेय त्या गोरेगावातून मुंबईची लोकल पकडायची तर आधी एक अख्खी रात्र रेल्वेत काढावी लागते! आमचं गोरेगाव गोंदिया जिल्ह्यातलं. १ मे १९९९ला भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. इथे भाताची शेती, राइस मिल्स आणि डोकं भाजून काढणारा उन्हाळा.

मी पुण्यातल्या एका आयटी कंपनीत एचआरला आहे. मार्च २०२०मध्ये महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसले, तेव्हा बॅगेत जेमतेम पंधरा दिवसांचे कपडे होते. त्याच महिन्यात रेल्वे बंद झाली आणि मी इथलीच झाले. पुढे ऑफिस उघडलं, पण आमच्या टीमला घरून काम करायची मुभा राहिली. आईच्या हातचं जेवण, भाडं शून्य, ट्रॅफिक म्हणजे दारातून जाणारी दोन-चार गुरं. अजून काय पाहिजे?

त्यात सिक्युरिटीच्या बाबतीत मी टीमची हेडमास्तरीण! डिसेंबर २०१९मध्ये झूमवर दिवसाला जास्तीत जास्त एक कोटी लोक मीटिंगला बसायचे, मार्च २०२०मध्ये तो आकडा वीस कोटींवर गेला. सगळं जग एकाच खोलीत घुसल्यावर चोर येणारच. अनोळखी लोक मीटिंगमध्ये शिरून धुडगूस घालू लागले. १६ एप्रिल २०२०ला आपल्या गृह मंत्रालयाने सूचनाच काढल्या : दर मीटिंगला नवा आयडी आणि पासवर्ड, वेटिंग रूम चालू, स्क्रीन शेअर फक्त होस्टकडे, सगळे आले की मीटिंगला कुलूप. हे सगळं मला तोंडपाठ. नव्या मुलांना मी नेदरलँड्सचा किस्सा रंगवून सांगायचे. नोव्हेंबर २०२०मध्ये तिथल्या संरक्षणमंत्री बाईंनी मीटिंगचा फोटो ट्विट केला, त्यात लॉगिनची माहिती दिसत होती. एका पत्रकाराने ती वापरली आणि युरोपियन युनियनच्या संरक्षणमंत्र्यांच्या गुप्त बैठकीत शिरून सगळ्यांना चक्क हात हलवून दाखवला! आम्ही पोट धरून हसायचो.

मग आला मे २०२३.

मीटिंग होती कॉस्ट कटिंगची. म्हणजे कुणाकुणाला नारळ द्यायचा, त्याची यादी. पासवर्ड नवा, वेटिंग रूम चालू, माणसं फक्त चार. एकदम फूलप्रूफ! पण माझ्या खोलीतला कूलर असा काही घोंघावत होता की बॉसला माझं बोलणंच ऐकू जाईना. बंद करावा, तर दहा मिनिटांत माझाच पापड झाला असता. शेवटी लॅपटॉप उचलला आणि छपरीत येऊन बसले. हेडफोन चार्जिंगला होता, म्हणून स्पीकर चालू केला आणि मोठ्या आवाजात एकेक नाव वाचू लागले.

आत माजघरात आई आणि शेजारच्या काकू पापड लाटत होत्या. लाटण्यांचा आवाज कधी थांबला, ते मला कळलंच नाही.

संध्याकाळी काकू पुन्हा आल्या. बराच वेळ पदराशी चाळा करत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, ‘बाई, तुह्या त्या यादीत आमच्या भाच्याचं नाव हाय का जी?’

त्यांचा भाचा आमच्याच कंपनीत आहे. त्याचा बायोडेटा मीच पुढे पाठवला होता. मागच्याच वर्षी त्याने घरासाठी लोन काढलंय, हेही मला ठाऊक होतं. काय बोलणार? ‘आहे’ म्हणणं शक्यच नव्हतं. आणि ‘नाही’ म्हणावं, तर उद्या दुसरं कुणी विचारलं आणि मी गप्प बसले, की त्या गप्प बसण्याचाही अर्थ लागणार! म्हणून म्हटलं, ‘काकू, मला सांगता येत नाही.’ त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि चहा न घेताच गेल्या. आमच्याकडे कुणी चहा न घेता गेलं, तर त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

त्याच रात्री बॉसला फोन केला. सगळं जसंच्या तसं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग तिने एवढंच म्हटलं, ‘बरं झालं तूच सांगितलंस.’ त्या कामातून मला बाजूला केलं. वाईट वाटलं, पण मी तिच्या जागी असते तर तेच केलं असतं.

तेव्हापासून माझा फंडा साधा आहे. पासवर्ड हवाच, पण कॉलला बसण्याआधी मी खोलीभर एकदा नजर फिरवते. दार लावलंय का, खिडकीपलीकडे कोण आहे, हेडफोन चार्ज आहे का? बोलायचं नसेल तेव्हा माइक म्यूट. नावं आणि पगार मोठ्याने वाचायचे नाहीत, फाइलमधल्या ओळीचा नंबर सांगायचा. फाइल उघडायची परवानगी मीटिंगपुरतीच. आणि कूलर फार ओरडायला लागला, तर सरळ वेळ बदलून मागायची. सकाळी सातला इथे काय मस्त गार असतं! पुणेकरांची थोडी कुरकुर असते, पण मीटिंग अर्ध्या तासात संपते. सकाळी सातला भाषण ठोकायचा उत्साह कुणाला असतो?

काकू महिनाभर आल्या नाहीत. मग पहिल्या पावसानंतर एक दिवस दारात उभ्या. माझ्या कानात हेडफोन दिसला, तशा उंबऱ्यातच थबकल्या. ‘मीटिंग हाय का जी? मी मागून येतो मंग.’ मी हेडफोन काढला आणि आईला ओरडून सांगितलं, ‘चहा टाक गं!’ त्या दिवशी काकूंनी दोन कप घेतले.

आणि यादीत भाच्याचं नाव होतं की नव्हतं?

सॉरी. ते तुम्हालाही सांगता येत नाही.