मुलीची मर्जी

दहावीचा निकाल लागला आणि घरात अकरावीची चर्चा सुरू झाली. सायन्स ठरलेलंच होतं. गणित सोडून जीवशास्त्र ठेवायचं, हेही आम्ही दोघांनी परस्पर ठरवून टाकलं. मुलगी डॉक्टर व्हावी, ही आमची जुनी हौस.

जेवताना ती हळूच म्हणाली, "अब्बा, मला गणित हवंय. जीवशास्त्र नको." आम्ही गप्प झालो. दहावीत तिला सर्वांत जास्त गुण गणितातच होते.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या सरांना भेटलो. त्यांनी समजावलं, इंजिनिअरिंगच्या सीईटीला गणित लागतं, नीटला जीवशास्त्र. फार्मसीला दोहोंपैकी एक चालतं. दोन्ही विषय ठेवता येतात, पण अभ्यासाचा भार वाढतो.

इशाच्या नमाजनंतर आम्ही पुन्हा बोलायला बसलो. निकाहात मुलीची मर्जी विचारावी, अशी ताकीद आपला दीन देतो. मग तिच्या शिक्षणात ती विचारायचं आम्हाला का सुचू नये? डॉक्टरकीचं स्वप्न आमचं होतं, अभ्यास तिला करायचा होता.

सकाळी फॉर्म तिच्यापुढे ठेवला. विषय तिने भरले, सह्या आम्ही केल्या. अल्लाह तिच्या मेहनतीत बरकत देवो.