उपमेचा रिकामा रकाना

शिक्षणशास्त्राच्या परिभाषेत ज्यास ‘ग्राफिक ऑर्गनायझर’ म्हणतात, त्याकडे आपल्या मराठी विभागांतून काहीशा तुच्छतेने पाहिले जाते. साहित्य हे आस्वादाचे क्षेत्र. त्यात चौकटी आणि बाण आणणे म्हणजे कवितेचे अंकगणित करणे, असा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. उपमेची पहिली चौकट आलंकारिकांनीच आखली, याचा येथे विसर पडतो. उपमेय, उपमान, साधारणधर्म आणि साम्यवाचक शब्द ही चारही अंगे असतील तर पूर्णोपमा, एखादे गळाले तर लुप्तोपमा. रिकाम्या रकान्याला नाव देण्याची सोयही तेथे आहे.

मात्र या चौकटीतून विद्यार्थ्यांच्या हाती बहुधा एकच साम्य पडते. मुख आणि चंद्र, धर्म आल्हादकता, गुण दोन. सादृश्यावर उभारलेला युक्तिवाद वाचताना एवढ्याने भागत नाही. कारण तेथे वस्तू वस्तूसारखी नसते, नाते नात्यासारखे असते. ॲरिस्टॉटलने ‘पोएटिक्स’च्या एकविसाव्या प्रकरणात हे चार पदांच्या प्रमाणाने मांडले आहे : वार्धक्याचे आयुष्याशी जे नाते, तेच संध्याकाळचे दिवसाशी. कधी चारांतल्या एका पदाला नावच नसते, हेही तो नोंदवतो. बी टाकण्याला पेरणे म्हणतात. सूर्य किरणे टाकतो त्या क्रियेला मात्र शब्द नाही, म्हणून कवी तेथे ‘पेरणे’च आणतो. डेड्रे गेंटनर यांच्या १९८३ सालच्या उपपत्तीतही भर गुणांच्या नव्हे, संबंधांच्या जुळणीवरच आहे.

म्हणून द्वितीय वर्षाच्या वर्गात मी फळ्यावर दोन स्तंभ आखते. डावीकडे उपमान, उजवीकडे उपमेय. आधी डावा स्तंभ उपमानाविषयी जे जे ठाऊक असेल त्याने भरायचा, मग त्याच्यासमोर उजवा. सुचले नाही तर ओढूनताणून लिहायचे नाही, एवढाच नियम.

‘मूकनायक’च्या ३१ जानेवारी १९२०च्या पहिल्या अंकातील डॉ. आंबेडकरांचे लेखन मी यासाठी मुद्दाम घेते. हिंदू समाज हा मनोरा, जात हा मजला. आणि या मजल्यांना जोडणारी शिडी नाही. पहिल्या दोन ओळी मुले झटकन भरतात आणि तिसरीशी अडतात. शिडीसमोर काय लिहावे? कोणी शिक्षण सुचवतो, कोणी आंतरजातीय विवाह. वास्तविक शिडी डाव्या स्तंभातही नाही. अभाव हाच येथे साधारणधर्म आहे. हे ध्यानात आले की पुढचा प्रश्न आपोआप येतो : शिडीवाचून मनोरा बांधतो कोण?

एकदा या तक्त्याशेजारी मी दुसरा मांडला : समाज हे शरीर. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील पुरुषसूक्तात शूद्राविषयी जे येते ते पायांपासून झालेल्या जन्माचे विधान आहे; त्यावरून परस्परपूरक अवयवांचे समाजशरीर उभे केले ते वर्णव्यवस्थेच्या समर्थकांनी. डाव्या स्तंभात मुख, बाहू, मांड्या, पाय. उजव्यात चार वर्ण. चार ओळी बिनतक्रार भरल्या. ‘आता शरीराविषयी आणखी काय ठाऊक आहे?’ असे विचारल्यावर मागच्या बाकावरचा, एरवी न बोलणारा मुलगा म्हणाला, ‘पायात काटा रुतला तर पाणी डोळ्यांत येतं, मॅडम.’ मी ते डावीकडे लिहिले. उजवीकडे काय लिहायचे ते कोणी सांगेना. तास संपेपर्यंत तो रकाना तसाच राहिला. अवयवांच्या कामांची वाटणी या उपमेने घेतली आणि वेदनेची वाटणी सोडून दिली, हे व्याख्यान देऊन इतके नेमके सांगता आले असते असे मला वाटत नाही.

जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) धोंडीबाबरोबरच्या संवादात या कथेची जी उलटतपासणी केली, तिची रीत याहून फार वेगळी नाही. मुखातून जन्म म्हटला की गर्भ कोठे राहिला, विटाळ कोठे पाळला, हे रकानेही भरून द्या, असा तो आग्रह आहे. उपरोध त्यातूनच निपजतो.

ज्ञानेश्वरीतील दृष्टान्तमालेला मात्र मी हा तक्ता लावत नाही. तेथे एक उपमान मनात स्थिरावते न स्थिरावते तोच दुसरे येते. ती गती रकान्यांत मावत नाही आणि मावावी अशी माझी इच्छाही नाही. शिवाय तक्ता एकदा रूढ झाला की भरलेला तक्ता झेरॉक्सच्या दुकानात मिळू लागतो. आमच्या महाविद्यालयाजवळ तो मिळतोही. त्यात एकही रकाना रिकामा नाही; काट्याच्या ओळीपुढे कोणीतरी ‘परस्पर सहानुभूती’ असे छापून ठेवले आहे.

अंतर्गत परीक्षेत मी हीच उपमा दिली तेव्हा बहुतेकांनी ते दोन शब्द उतरवून काढले. चौघापाचांनी जागा कोरी सोडून खाली कारण लिहिले. आदर्श उत्तरपत्रिकेत कोऱ्या जागेला गुण देण्याची तरतूद नव्हती. ती आता मी करून घेतली आहे.