तळाच्या तीन हात वर

डायव्हिंगसाठी पहिल्यांदा मालवणला आलेल्या माणसाला पाण्यात उतरणं हा बिनकामाचा भाग वाटतो. कमरेला शिसं बांधलं, जाकिटातली हवा सोडली, की आपण आपोआप खाली जाणार. खरी मजा तळाशी. मी शिकवते आणि माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. डायव्हिंगचं निम्म्याहून जास्त कसब उतरण्यात आहे. कुणाचा पाय प्रवाळाला लागणार आणि कोण अलगद वरून निघून जाणार, हे पहिल्या काही मीटरांतच ठरतं. त्यातलं बरंचसं तर होडीतच ठरलेलं असतं, शिसं बांधताना.

कारण साधं आहे. पृष्ठभागावर एक वातावरणाचा दाब असतो, दहा मीटर खाली तो दुप्पट होतो, वीस मीटरवर तिप्पट. म्हणजे जाकिटातली हवा पहिल्या दहा मीटरांतच निम्म्या जागेत आकसते. पुढच्या दहा मीटरांत ती एवढी आकसत नाही. सगळ्यात मोठा बदल वरच्या पाण्यात होतो. वेटसूटच्या रबरात हवेचे बारीक बुडबुडे असतात, तेही दबतात. त्यामुळे वर तरंगणारा माणूस थोडा खाली गेला की जड होतो, जड झाला की आणखी वेगाने जातो, आणि जितका खाली तितका आणखी जड. आमच्याकडे, मालवणच्या किल्ल्यामागच्या खडपांवर, पाणी फारसं खोल नाही. लोकांना वाटतं, उथळ म्हणजे सोपं. पण हवा जिथे सर्वांत झपाट्याने आकसते, नेमक्या त्याच पट्ट्यात इथली सगळी डाइव्ह होते, आणि सावरायला वेळ मिळायच्या आत तळ येतो.

म्हणून वजन. जाकीट पूर्ण रिकामं करून, नेहमीसारखा श्वास भरून पाण्यात उभं राहिलं तर पाणी डोळ्यांच्या पातळीला यावं, आणि श्वास सोडला की हळूहळू खाली जायला लागावं. एवढं शिसं पुरे. अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर डाइव्हच्या शेवटी साधारण दोन किलोंनी हलका होतो, तेवढी भर आधीच घालून ठेवायची. पण घाई असली की नवख्या माणसाच्या पट्ट्यात दोन-तीन किलो जास्तीचे सरकवले जातात, ‘पटकन खाली जाईल’ म्हणून. तो जातोही पटकन. मग ते जास्तीचं वजन पेलायला जाकिटात जास्तीची हवा भरावी लागते. छाती वर उचलली जाते, कमरेचं शिसं पाय खाली ओढतं, आणि माणूस पाण्यात आडवा न राहता तिरका उभा राहतो. त्याने कितीही जपून पोहायचं ठरवलं तरी पायांतल्या फिन्सची टोकं आता प्रवाळाच्या उंचीवर आहेत. तो माणूस बेफिकीर नसतो. त्याला चुकीचं वजन बांधलेलं असतं.

कानांचंही तसंच. दुखायला लागल्यावर नाक दाबून हवा ढकलायची नसते. दुखण्याआधी, प्रत्येक हातभर उतरताना कान मोकळे करायचे. अडलं तर अर्धा मीटर वर यायचं, परत करून बघायचं, जोर लावायचा नाही. मी विद्यार्थ्यांना उतरायच्या दोरीजवळून, पाय खाली ठेवून उतरवते. डोकं वर असलं की कान लवकर मोकळे होतात, आणि दोरी हाताशी असली की थांबता येतं. कान दुखणारा माणूस बाकी सगळं विसरतो. त्याचा हात जवळ जे असेल ते पकडतो, आणि जवळ बहुधा प्रवाळ असतं.

ते जवळून बघितलं पाहिजे. आमच्याकडे टर्बिनारिया नावाचं प्रवाळ खूप आहे, पानासारखे वळलेले पातळ थर असलेलं. लांबून तो दगडच वाटतो. स्थिर राहून हातभर अंतरावरून पाहिलं तर त्याच्यावर एकेक तोंड वेगळं दिसतं, आणि त्या तोंडांभोवती पारदर्शक बारीक बोटं हलत असतात. हे सगळं जिवंत कातडं अगदी पातळ आहे. खालचा चुनखडीचा सांगाडा मेलेला असतो. फिनच्या एका खरचटण्याने कातडं सोललं तर त्या जागी शेवाळ बसतं, रोग शिरतो. पोराइटिससारखं गोल वाढणारं प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतं. घागरीएवढा गोळा व्हायला कित्येक वर्षं जातात.

आणि इजा व्हायला हात लागलाच पाहिजे असंही नाही. फिन खालच्या दिशेने मारली की वाळू उठते आणि प्रवाळावर बसते. ती झटकायला त्याला चिकट स्राव सोडावा लागतो, त्यात त्याची ताकद खर्च होते. त्याच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाला उजेड लागतो, तोही अडतो. मालवणचं पाणी आधीच गाळाचं. होडीचा तांडेल कधी कधी सकाळीच सांगतो, “आज पाणी गढूळ आसा, खाली काय दिसाचा नाय.” अशा दिवशी मी नवख्यांना नेत नाही. तळ उशिरा दिसणार, म्हणजे माणूस त्यावर आदळणार.

म्हणून माझा नियम: तळाला टेकायचंच नाही. तळाच्या दोन-तीन मीटर वर असतानाच जाकिटात हवेचा छोटा झोत द्यायचा, थांबायचं, लागला तर दुसरा. परिणाम क्षणभर उशिरा दिसतो, आणि घाईचं बोट तेवढ्यात चार झोत देऊन मोकळं होतं. मग उरलेलं काम श्वासाचं. श्वास भरला की सावकाश वर, सोडला की सावकाश खाली. रोखायचा कधीच नाही. गेज आणि जादा रेग्युलेटर अंगाशी अडकवलेले, लोंबकळणारं काही नाही. वाळूवर गुडघे टेकवून शिकवण्याची जुनी पद्धत मला मान्य नाही. वाळू रिकामी नसते. पाकट तिच्यात स्वतःला गाडून घेतो, लेप तिच्याच रंगाचा होऊन पडलेला असतो. आणि गुडघ्यांवर शिकलेला माणूस पुढे प्रत्येक अडचणीत गुडघे टेकायलाच बघतो.

मालवणचं सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झालं, 29.12 चौरस किलोमीटरचं. कठीण प्रवाळं 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघ ज्या यादीत आहे त्याच. होड्यांचे नांगर खडपावर पडू नयेत, ठरलेल्या जागी कायमचे बोये असावेत आणि उतरायची दोरी त्यांनाच बांधलेली असावी, हे मी जिथे संधी मिळेल तिथे बोलते. माशांना पाव टाकून माणसाभोवती गोळा करणंही बंद व्हायला हवं. माशांच्या गराड्यातल्या त्या फोटोसाठी पाहुण्याला तळाशी दाबून धरावं लागतं.

फोटोची हौस मला समजते. पण कॅमेरा हातात आला की माणूस स्थिर राहण्यासाठी दुसऱ्या हाताने खडक धरतो. म्हणून माझ्याबरोबर येणाऱ्याने आधी पाच मीटरवर, हात छातीशी घेऊन, कशालाही न धरता मिनिटभर जागच्या जागी राहून दाखवायचं. तोवर कॅमेरा होडीत राहतो. काहीजण रागावतात, पैसे भरलेत म्हणतात. मी पुन्हा त्यांचं वजन तपासते, बहुतेक वेळा पट्ट्यातून एक किलो काढते, आणि आम्ही दोरीजवळून परत उतरायला लागतो.