गोळीतून निघालेले उंदीर

पुरंदर तालुक्यातल्या शाळांत घुबडांविषयी बोलायला जातो तेव्हा मी लक्ष्मीचं नाव काढत नाही. घुबड लक्ष्मीचं वाहन, म्हणून मारू नका, असं सांगणारे पुष्कळ आहेत. हेतू चांगलाच. पण दिवाळीच्या अमावास्येला घुबडाचा बळी दिला की लक्ष्मी घरातून हलत नाही, ही समजूतही त्याच कथेवर पोसली गेली आहे. ट्रॅफिक या संस्थेच्या 2010 च्या अहवालानुसार देशातल्या 30 जातींपैकी 15 जाती व्यापारात सापडल्या. पिसं, नखं, डोळे, रक्त, सगळ्याला गिऱ्हाईक. सर्वाधिक मागणी ‘कान’वाल्या मोठ्या घुबडांना, म्हणजे आपल्याकडच्या शृंगी घुबडासारख्यांना. ते कान नसतातच, पिसांचे तुरे असतात.

मी पोरांसमोर गव्हाणी घुबडाच्या गोळ्या ठेवतो. उंदीर अख्खा गिळला की हाडं आणि केस पचत नाहीत. घुबड त्यांची गोळी करून ओकून टाकतं. पडक्या वाड्यात त्या बसायच्या जागेखाली सापडतात. आधी सगळी ‘शी’ करतात. गोळी कोमट पाण्यात भिजली की राखाडी केसांचा लगदा सुटतो, चिमट्याने एकेक हाड निघतं, मग अचानक नारिंगी दातांची कवटी हातात येते आणि सगळी डोकी एकत्र येतात. एका मुलीने वर्तमानपत्रावर जबडे ओळीने मांडले. एका गोळीत चार उंदीर! ‘आमच्या ज्वारीची पोती यांनीच कुरतडली असणार,’ ती म्हणाली.

हे घरी जातं, आणि मला तेच हवं असतं. कारण भीती घरातच शिकवली जाते. छपरावर घुबड ओरडलं तर कुणीतरी जाणार. दगड मारला तर ते तो उचलून झिजवतं आणि तसतसा माणूसही झिजतो. एका पारावरच्या बैठकीत एका आजींनी विचारलं, ‘मग आमच्याच पत्र्यावर का बसतंय ते?’ मी म्हटलं, ‘आजी, उंदीर तुमच्याकडं जास्त असतील.’ त्या सुनेकडे वळल्या आणि पोत्यांची चौकशी सुरू झाली.

याच तालुक्यातल्या पिंगोरीत इला फाउंडेशनने 2018 साली घुबडांचा महोत्सव भरवला. ज्या पक्ष्याला अपशकुनी म्हणून हाकलतात त्याच्यासाठी गावात उत्सव, ही कल्पनाच मला फार मोठी वाटते. 1972 चा वन्यजीव कायदा आहेच, पण ओढ्याकाठी रात्री कायदा हजर नसतो, गाव असतं.

एकदा दिवाळीच्या तोंडावर एका शेतकऱ्याचा फोन आला. मोटारसायकलवरून दोन अनोळखी माणसं आली होती, मोठं घुबड कुठं बसतं ते विचारत होती, लाखांची भाषा करत होती. मांडुळासाठी येणारेही असंच बोलतात. ओढ्याच्या दरडीत शृंगी घुबडाची जोडी राहते हे अख्ख्या वस्तीला ठाऊक होतं. कुणीही सांगितलं नाही. पोरांनी गाडीचा नंबर टिपला, वनविभागाच्या 1926 वर कळवलं, वनरक्षक येऊन दरड पाहून गेले.

‘अमावास्या होईपर्यंत आम्ही पाळीपाळीनं ओढ्यावर थांबणार,’ तो म्हणाला. ‘तुमच्याकडं बॅटऱ्या असतील तर धाडा.’

संध्याकाळच्या एसटीने पाठवल्या.