लाल बटण नेमकं काय तोडतं?

घरी बनवलेल्या सीएनसी राउटरमध्ये मला सर्वांत जास्त खटकतं ते लाल मशरूमचं इमर्जन्सी बटण. लिनियर रेल, बॉलस्क्रू, अ‍ॅल्युमिनियमचं प्रोफाइल यांवर सढळ हातानं खर्च केलेला असतो, बटणही हाताशी, पिवळ्या डबीवर बसवलेलं असतं. मागे पाहावं तर त्याच्या दोन बारीक वायरी कंट्रोलरच्या, म्हणजे आर्डुइनोच्या, एका पिनवर गेलेल्या. म्हणजे बटण दाबल्यावर वीज तुटत नाही. आर्डुइनोतल्या जीआरबीएल प्रोग्रामला थांबायची विनंती तेवढी जाते. तो शुद्धीवर असेल तर ऐकेल. आता, इमर्जन्सी ज्या कारणांनी उद्भवते त्यांतलं एक कारण कंट्रोलर अडकणं हेच असेल, तर त्याच्याकडेच दाद मागण्यात काय अर्थ? शिवाय ही जोडणी बहुधा उलटी असते. बटण दाबलं की पिन ग्राउंडला लागते, एरवी सर्किट उघडंच. वायर मध्येच तुटली तर कुणाला पत्ता लागत नाही. लागतो तो थेट दाबायची वेळ आल्यावर.

त्याहून वाईट गोष्ट स्पिंडलची. पुष्कळ जण सुरुवातीला ट्रिम राउटर बसवतात आणि त्याची पिन सरळ भिंतीवरच्या बोर्डात खोचतात. त्याचा आर्डुइनोशी काडीचा संबंध नाही. बटण दाबलं की तिन्ही अक्ष जागच्या जागी थांबतात आणि मिनिटाला पंचवीस-तीस हजार फेऱ्यांनी फिरणारं कटर लाकडात एकाच जागी घासत राहतं. लाकूड काळं पडतं, धूर निघतो, शेजारी भुशाचा ढीग असतोच. यंत्र सुरक्षित करायला लावलेलं बटण इथे आगीलाच हातभार लावतं. लाइट गेली तरी गत तीच. राउटरचा स्विच चालूच राहिलेला. लाइट आली की कोणी जवळ असो-नसो, तो आपोआप फिरू लागतो.

कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलनं ओढला जाणारा स्विच, हा यावरचा जुना आणि कंटाळवाणा उपाय. हिरव्या बटणानं कॉइल ओढायची, कॉन्टॅक्टरच्याच सहायक संपर्कानं ती धरून ठेवायची आणि लाल बटणाचा एनसी, म्हणजे एरवी जोडलेला असणारा, संपर्क कॉइलच्या वाटेत टाकायचा. बटण दाबा, वायर तुटू द्या, लाइट जाऊ द्या, कॉइल सुटते आणि मोटर ड्रायव्हर व राउटर दोघांचाही सप्लाय जातो. लाइट आल्यावर कोणीतरी हिरवं बटण दाबेपर्यंत काहीही हलत नाही. कॉइल २४ व्होल्टची घेतली तर हाताशी असलेल्या बटणात २३० व्होल्ट आणावेही लागत नाहीत.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की सप्लाय तोडला तर अक्षांची जागा हरवते आणि चाललेलं काम वाया जातं. जातं, खरं आहे. पण काम वाचवून थांबायचं असेल तर फीड होल्ड आहे, त्याच्यासाठी वेगळं बटण लावा. त्याला लाल रंग कशाला? एमसीबी आहे ना, असंही म्हणतात. एमसीबी जादा करंट आणि शॉर्टसर्किटवर पडतो. कटरमध्ये बोट किंवा बाही अडकल्याचं त्याला कळत नाही.

एका आक्षेपापुढे मात्र मला वर लिहिलेलं थोडं मागे घ्यावं लागतं. स्पिंडल व्हीएफडीवर, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हवर, असेल तर सप्लाय तोडल्यावर तो लगेच थांबत नाही. आपल्या वेगानं फिरत राहतो, कारण ब्रेक लावणाराच गेलेला असतो. आयईसी ६०२०४-१ हे मानक इमर्जन्सी स्टॉपसाठी दोन्ही रीती मान्य करतं: वीज ताबडतोब तोडणं, किंवा वीज ठेवून यंत्र आवरणं आणि मग तोडणं. व्हीएफडीसाठी मला दुसरी पटते: बटणाचा एक संपर्क व्हीएफडीच्या रन सिग्नलवर, दुसरा टायमरमार्गे कॉन्टॅक्टरवर. यात व्हीएफडीवर थोडा भरवसा टाकावा लागतो, म्हणून टायमरची मुदत संपली की कॉन्टॅक्टर कुणालाही न विचारता सुटला पाहिजे. आणि तो सुटला म्हणून लगेच पॅनेल उघडू नये. २३० व्होल्टच्या व्हीएफडीतल्या कपॅसिटरांवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी काही मिनिटं टिकून असतं.