उचलती चूल

दसरा झाला की आमच्या घरात एक भांडण ठरलेलं असायचं. ते चुलीवरून व्हायचं. घरातली मातीची चूल काही उचलून नेता येत नव्हती. वैलासकट ती जागच्या जागी राहायची, पाच-सहा महिने थंड. निघायच्या दिवशी आई तिला शेवटचं पोतेरं द्यायची, हळदीकुंकू लावायची आणि वर टोपलं उपडं घालायची, मांजरानं आत बसू नये म्हणून. प्रश्न असायचा तो बरोबर काय न्यायचं याचा.

आम्ही पाटोदा तालुक्यातले. बालाघाटाच्या डोंगरात गाव. बाजरी, मटकी, हुलगा, जे पिकेल ते पिकायचं आणि पिकलं काय, न पिकलं काय, दिवाळीच्या पुढंमागं निम्मं गाव मोकळं व्हायचं. मुकादमाकडून उचल घेतलेली असायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. आमच्या घरचा एकच कोयता. ट्रक बहुतेक रात्रीचा यायचा. एकात दहा-बारा बिऱ्हाडं. त्यात बाजरीची पोती, अंथरुणं, पाण्याचे हंडे, शेरडं, कोंबड्या आणि वर आम्ही पोरं. ज्याच्या वाट्याला जेवढा कोपरा, तेवढाच त्याचा संसार. ट्रक थांबला की तो संसार डोक्यावर घेऊन बांधाबांधानं तळावर चालत जायचं. एका पट्ट्यात तीन-चारदा तळ हलायचा. म्हणून प्रत्येक वस्तू दोनदा तोलून पाहिली जायची.

कुणी म्हणेल, तीन दगड मांडले की झाली चूल, त्यात काय न्यायचं? आमच्या डोंगरात ते खरंच होतं. पण आम्ही जायचो कृष्णाकाठी. तिथली काळी जमीन अशी, की दगड औषधाला मिळायचा नाही. ढेकळांवर भांडं ठेवलं तर ते तापून फुटायचं. विटा मागायला गेलं की वस्तीवरचा माणूस आधी संशयानं बघायचा.

आबांचं म्हणणं असायचं, वातीचा स्टो घ्या. हलका, धूर नाही, पाऊस आला तरी कोपीच्या तोंडाशी चालतो. आई म्हणायची, "आन् घासलेट तुमचा बाप देतो का?" तिचं बरोबर होतं. रॉकेल रेशनवर. कार्ड गावच्या दुकानाला लावलेलं. गाव सोडलं की कार्ड म्हणजे नुसता पुठ्ठा. तिकडं रॉकेल मिळायचं ते काळ्या बाजारात. शेगडीचा विषयच नव्हता; कोळसा विकत घेऊन भाकरी करणारे आम्ही नव्हे.

राहिली लोखंडी चूल. ती आमच्याकडं घिसाड्याची असायची. घिसाडी स्वतःच फिरता माणूस, त्याचा भाता, ऐरण, सगळं गाडीवर. त्यामुळं बरोबर न्यायच्या वस्तूला काय लागतं हे त्याला सांगावं लागत नसे. जाड पट्टीची गोल कड, तीन पाय, मागं बंद, पुढं रुंद तोंड. रुंद तोंडाचं कारण पाचट. उसाचं वाळलेलं पाचट तिथं फुकट आणि वाटेल तेवढं, पण ते कागदासारखं भसकन जळतं. एका हातानं भाकरी थापायची आणि दुसऱ्या हातानं सारखं सारत राहायचं. तोंड अरुंद असलं की पाचट आत कोंबलं जातं, हवा कोंडते आणि धूर थेट डोळ्यात. लाकडाला मात्र अरुंद तोंड चांगलं. आईचं एक साधं शास्त्र होतं: आधी जळण कुठलं मिळणार ते ठरव, मग चूल घे. लोक उलटं करतात.

मी चौथीची परीक्षा कशीबशी देऊन पाचवीत गेलो, त्या वर्षी जुन्या चुलीची कड जळून गेली होती. आबा मुकादमाच्या मागं होते. आई बाजरी दळायच्या गडबडीत. साठ रुपये माझ्या चड्डीच्या खिशात घालून तिनं मला तालुक्याच्या आठवडी बाजाराला पाठवलं. "घिसाड्याचीच आण. पाय बघ. हातानं दाबून बघ. उगं चकचकीत बघून भुलू नको."

घिसाडी नेहमीच्या जागी, बाभळीखाली बसला होता. चुली तीन होत्या. मी एक उचलून पाहिली. पाच किलोच्या आत नसावी. ती ट्रकपासून तळापर्यंत कुणाच्या डोक्यावर येणार हे मला पक्कं ठाऊक होतं. आदल्या वर्षी तिच्या कडेनं माझ्या टाळूवर वळ उठला होता. मग मी पत्र्याच्या दुकानाकडं वळलो. तिथं घडीची चूल टांगलेली. पांढऱ्याशुभ्र जस्ती पत्र्याची. पाय आत दुमडायचे, वरची जाळी आत सरकायची आणि कडीला धरलं की शाळेच्या पेटीसारखी हातात. पस्तीस रुपये. मी ती घेतली. उरलेल्यातले दोन रुपये भेळीत घातले, बाकीचे आईला दिले.

आईनं ती चूल दारात उभी केली आणि तळहातानं दाबली. एक पाय कुरकुरला.

"घिसाडी?"

"आलाच न्हवता," मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. दोन दिवसांनी ट्रक यायचा होता. पुढचा बाजार मधे पडतच नव्हता.

त्या चुलीचं पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. पाचट पेटलं तसा पत्र्यातून पांढुरका धूर आणि घशाला लागणारा वास आला. जस्ताचा मुलामा फार तापला की त्याचा धूर बाधतो, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. आईला कारण माहीत नव्हतं, पण तिनं पोरांना लांब बसवलं आणि दोन वेळा नुसतंच पाचट जाळून ती चूल भाजून काढली. मग म्हणाली, "आता धकंल."

धकली. वीस-पंचवीस दिवस धकली.

तोडीला जायचं म्हणजे पहाटे तीनला उठायचं. भाकरी बांधून अंधारातच फडात. थंडीचे दिवस. माझी धाकटी बहीण चार वर्षांची, उठायची ती थेट चुलीपाशी येऊन पाय पसरायची. त्या पहाटे आईनं तुरीच्या डाळीचं कालवण ठेवलेलं. पत्रा रोजच्या जाळानं पापडासारखा झाला होता. पायाचं रिबिट सैल झालं होतं. पाय दुमडला. घडीची चूल होती ती, घडी झाली.

तपेलं बहिणीच्या उजव्या पावलावर आलं. तिचा आवाज मी इथं लिहीत नाही. आईनं कडेचा अख्खा हंडा तिच्या पायावर ओतला, मग दुसरा, आणि शेजारच्या कोपीतला तिसरा. कुणी शाई आणा म्हणालं, कुणी राख. आई फक्त पाणी म्हणत राहिली. आबांनी पोरीला पाठीवर घेतलं आणि उजाडायच्या आत कारखान्याच्या दवाखान्याकडं चालू लागले. तिथले डॉक्टर म्हणाले, पाणी ओतलंत ते बरं केलंत.

पाय वाचला. पण आईचे अकरा खाडे पडले. जोडीतलं एक माणूस नसलं की दुसऱ्याच्या हातून मोळ्या बांधायच्या कुणी? आबांनी एकट्यानं होईल तेवढं केलं. पट्टा पडला तेव्हा मुकादमाच्या वहीत आमच्या नावावर बाकी राहिली आणि पुढच्या साली त्याच मुकादमाकडं जावं लागलं. मी त्या वर्षी शाळेत परत गेलो तो मार्च उलटून गेल्यावर, आणि त्याच्या पुढच्या वर्षी मावशीकडं राहिलो, म्हणून शिकलो. बहीण मात्र टोळीबरोबरच वाढली.

मला कुणीही मारलं नाही. आबांनी ती चूल ठोकून सरळ केली आणि तिचे चारही पाय वीतभर जमिनीत पुरले. उरलेला सगळा पट्टा आम्ही त्याच चुलीवर खाल्लं. तळ हलला की पाय उपटायचे, नवीन जागी खड्डे घ्यायचे. घडी घालायची बातच राहिली नाही.

हे सगळं परत निघालं ते गेल्या डिसेंबरात. मुलगा आता पुण्यात इंजिनिअरिंगला. चौघं मित्र दोन मोटरसायकलींवर भंडारदऱ्याला तंबू टाकून राहणार होते. "पप्पा, एक पोर्टेबल ग्रिल घ्यायचंय, चला ना. तुम्हाला लोखंडातलं कळतं." मी एका कारखान्यात वेल्डिंग खात्यात नोकरी करतो, म्हणून तो म्हणाला. आईला गुडघ्याच्या पट्ट्याचं माप द्यायचं होतं, ती पण आली. आम्ही तिघं रविवार पेठेत गेलो.

दुकानदारानं तीन प्रकार मांडले. एक सुटकेसीसारखं, पातळ पत्र्याचं, घडीचं, सगळ्यात हलकं. एक झाकणाचं, घुमटासारखं. छान, पण मोटरसायकलवर नेणार कसं? आणि एक साधं चौकोनी, काळ्या जाड पत्र्याचं, पाय बोल्टनं काढघाल करायचे, चार किलोच्या वर. छोट्या गॅसच्या डब्यावर चालणारी शेगडीही होती. तिच्यावर चहा लवकर होतो, पण वाऱ्यात ज्योत पळते आणि रुंद तवा ठेवला तर धग उलटून डब्यावर येते. शिवाय पोरांना कोळशावरचंच खायचं होतं.

मुलगा अर्थात सुटकेस हातात घेऊन उभा. "बघा, दोन किलोपण नाही."

आई एव्हाना दुकानातच उकिडवी बसली होती. गुडघे दुखत असताना. तिनं ती सुटकेस उघडायला लावली, पाय उघडून उभी करायला लावली, आणि तळहात ठेवून दाबली. दुकानदार म्हणाला, "आजी, त्यावर बसायचं नाहीये." आईनं खालून बघितलं. "हवा कुठून घेती ही? राख कुठं पडती?" तळाला भोकं नव्हती. कोळशाला खालून हवा लागते, नाहीतर तो नुसता कुढत बसतो; लाकडासारखा बाजूनं जळत नाही. आणि राख खाली पडायला जागा नसेल तर तीच भोकं बुजवते. काळ्या ग्रिलला तळाला जाळी आणि खाली राखेचा तसराळ्यासारखा पत्रा होता.

मग तिनं सुटकेसच्या एका पायाला बोटानं टिचकी मारली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली,

"घिसाडी आज बी आला न्हाई का रं?"

पस्तीसेक वर्षं होत आली. मी दुकानात नुसता उभा राहिलो. मुलाला काहीच कळलं नाही. तो विचारत होता, कोण घिसाडी? दुकानदार बिलाचं पुस्तक काढत होता.

"तुला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"पुढच्याच पट्ट्याला त्यो भेटला की. म्हणला, पोरगं उचलून बघून गेलं, घेतली न्हाई." मग जरा वेळानं, "दहा वर्साचं पोरगं, त्याच्या डोक्यावर पाच किलू लोखंड. आबांनी न्यायला पायजे व्हतं का न्हाई?"

मी काही बोललो नाही. तिनं काळं ग्रिल पुढं ओढलं आणि किमतीवरून दुकानदाराशी सुरू झाली. शंभर रुपये कमी करून घेतले.

घरी मुलाला मी माझ्या परीनं समजावलं. कोळसा पेटला की लगेच वर काही ठेवू नका, वर पांढरी राख धरेपर्यंत थांबा. जाळी निखाऱ्यांपासून चार बोटं वर. नवीन आहे, आधी रिकामं तापवून रंगाचा वास जाऊ द्या. आणि कितीही थंडी असो, विझत आलेलं ग्रिल तंबूत घ्यायचं नाही. धूर नसतो, वास नसतो, पण त्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. झोपलेला माणूस झोपेतच जातो. तो मान डोलावत होता, मोबाइलवर काहीतरी बघत. मग आई आतून आली. तिनं त्याचा मोबाइल काढून घेतला. "राखंत झाकला तरी इस्तू सकाळपस्तोर जित्ता असतो. आमी त्येच राखंतून दुसऱ्या दिशी चूल पेटवायचो. पानी वतायचं, काडीनं हालवायचं, परत वतायचं. म्हन बगू." त्यानं ते म्हणून दाखवलं.

बहिणीला मी त्या रात्री फोन केला. ती आता बार्शीकडं दिलेली. चुलीची, खोटं बोलल्याची सगळी गोष्ट सांगितली. ती हसली. तिला त्यातलं आठवतं ते एवढंच, की आबांच्या पाठीवर बसून ती कारखान्यापर्यंत गेली होती आणि येताना त्यांनी तिला बिस्किटाचा पुडा घेऊन दिला होता, अख्खा, तिच्या एकटीचा. "परत कव्हाच न्हाई दिला बघ," ती म्हणाली. त्या पायात चप्पल अजून नीट बसत नाही. तेही तिनंच बोलता बोलता सांगितलं.

पोरं रविवारी रात्री परत आली. ग्रिल मोरीत टाकून मुलगा झोपला. सकाळी बघितलं तर जाळी काळीठिक्कर, कणसाचे दाणे चिकटलेले, आणि चारही पायांना चार-चार बोटं वाळलेला चिखल. आई पाट घेऊन मोरीत बसली होती आणि उलथण्यानं एकेका पायाचा चिखल खरवडत होती.